तिसरं पानी

वाशीला सेक्टर सतराच्या क्लासबाहेर
बाबांनी चपला काढल्या.
त्यांना आत जायचंच नव्हतं, मला सोडायला आले होते,
पण काचेवर लिहिलं होतं : पादत्राणं बाहेर.
आत एसी, आठ मशीनं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं.
मिठाने चिरलेली टाच दुसऱ्या पायामागे नेत म्हणाले,
"कंचा देव हाय गो आत?"

सर म्हणाले, याला धूळ चालत नाही.
आम्ही ऐरोलीच्या दिवागावचे. आमच्या अंगावर धूळ नसायची,
खारी पांढरी पापुद्री असायची.

टायपिंग शिकले. ळ करंगळीला लांब पडायचा,
तोंडाला त्याहून लांब.
घरी काळोखाला कालोख, डोळ्याला डोला,
क्लासात एकेक अक्षर उचलून जागेवर ठेवायचं.

सत्त्याण्णव साली बाबांनी सिडकोला अर्ज सांगितला.
स्टुलावर बसून, पडद्याकडे न बघता,
जणू साहेब माझ्या पाठीमागे उभा आहे :
"गोरं पानी प्याचं, खारं पानी पिकवाचं,
तुमी ह्ये तिसरं पानी कुठशी आनलाव?
मीठ कालं परलं. डोल्यानी बघा येऊन."

मी हसत हसत तसंच टाईप केलं.
मग दुसरी फाईल उघडून नीट लिहिलं :
सविनय सादर, रासायनिक सांडपाणी, उचित कार्यवाही.
त्याखाली अंगठा. हसुराम पदू मढवी.
नीट लिहिलेल्याला उत्तर आलं नाही.
हसण्यावारी लिहिलेलं फ्लॉपीत राहिलं.

नंतर ठाण्यात नेटकॅफेच्या गल्ल्यावर बसले,
तासाला तीस रुपये, प्लायवुडचे कप्पे,
दहावीच्या निकालाला जिन्यापर्यंत रांग.
मोडेम किंचाळायला लागला की आलेले बाबा दचकायचे,
"कोन ररतं गो?"
कोणी नाही बाबा, लाईन लागतेय.
लाईन लागायची, तुटायची. आगर तोवर बुजलं होतं.
बाबा गेले त्या वर्षी कॅफेही गेला,
प्रत्येकाच्या खिशात एकेक झाला म्हणून.

रबाळ्याला रंगाची कंपनी होती,
नाला मंगळवारी जांभळा, शुक्रवारी पिवळा.
तिथे आता खिडक्या नसलेली इमारत आहे.
भाची रुचिता तिथे चिलरवर असते.
म्हणते, आत्या, आमचं सगळं काम पाण्याचं.
ते विचार करतं तेव्हा तापतं.

तिनेच फ्लॉपी वाचायचं यंत्र मागवलं, माळ्यावरचा डबा खाली काढला.
फाईल उघडली आणि नुसते चौकोन,
उलट्या मात्रा, मध्येच एखादं सुटं वेलांटीचं शेपूट.
तो फॉन्ट आता कुठेच नाही.
"थांब," रुचिता म्हणाली, "याला विचारू."

त्याने विचारलं नाही कोणाला. अर्ध्या मिनिटात लिहून दिलं :
गोऱ्या रंगाचे पाणी पिण्यासाठी, खारट पाणी शेतीसाठी.
मीठ काळे पडले आहे.
कृपया प्रत्यक्ष पाहणी करावी.
आपला विश्वासू.
आणि तळाशी, अदबीने :
काही शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आहेत.

किती सोपं केलं त्याने.
ज्यासाठी मला दोन वर्षांचा क्लास लागला होता,
आणि एक लाज.

म्हटलं, जसं होतं तसं दे.
माफी मागून त्याने दिलं. पानी आलं, कालं आलं,
डोल्यानीवर मात्र एक अनुस्वार सोडून गेला,
इस्त्री केल्यासारखा.

मग मी खुर्ची ओढून घेतली.
गोरं म्हणजे गोड, लिहिलं.
पिकवाचं म्हणजे मीठ, शेती नव्हे.
करंगळी सवयीने ळ कडे जायची, परत आणायची.
खांद्यावरून रुचिताने विचारलं,
"कुठशी म्हणजे काय गं, आत्या?"

दोघांनाही सांगितलं : कुठून.
मशीनने आभार मानले.
उद्या त्याच्या लक्षात राहील का, माहीत नाही.
रुचिता डबा घेऊन रात्रपाळीला गेली,
त्याला थंड ठेवायला.